पहारेकऱ्याला गुंगी

माघ सरत आला की नीमच-मंदसौरच्या शेतांत अफूची पांढरी फुलं गळून पडतात आणि मागे हिरवी बोंडं उरतात. दुपार कलली की शेतकरी त्या बोंडांना बारीक टोकाच्या हत्याराने चिरे देतो. रात्रभर चीक पाझरतो, हवेने तपकिरी पडतो आणि सकाळी तो खरवडून भांड्यात गोळा होतो. हाती सरकारी पट्टा असेल तरच हे पीक घ्यायचं, आणि चीक सगळा सरकारच्याच काट्यावर घालायचा. या दिवसांत शेतकऱ्याचा एक शत्रू ठरलेला असतो, तो म्हणजे पोपट. थवेच्या थवे उतरतात, बोंडं देठापासून कातरून नेतात. फटाके फोडले, डबे बडवले तरी परत येतात. ‘नाद लागलाय त्यांना,’ असं शेतकरी सांगतात.

पोपटाच्या नादाचं खरंखोटं पक्षीतज्ज्ञ ठरवतील. उंदराचं आणि माणसाचं मात्र ठरलेलं आहे. एका झाडाच्या चिकात असं काय असतं, की ते एकदा घेतलेला जीव पुन्हा पुन्हा तिकडे ओढला जावा? हा प्रश्न खरं तर इंदूरमध्ये विचारला जायला हवा होता. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इंदूर, उज्जैन, रतलामच्या सरकारी काट्यांवर तोलली जाई, इंग्रजांचा कर भरून परवाना घेई आणि मुंबई बंदरातून चीनला रवाना होई. होळकरांच्या राज्याचा खजिना, मुंबईच्या व्यापाऱ्यांचे वाडे आणि इंग्रज सरकारचा महसूल, तिन्हींना या चिकाचा हात लागलेला आहे. ज्यांचं काच मंदिर पाहायला आजही इंदुरात गर्दी होते, त्या सेठ हुकुमचंदांनी अफूच्या सट्ट्यात अफाट कमाई केली आणि मग कापडगिरण्या उभ्या केल्या. 1913 च्या सुमारास चीनकडे जाणारी अफू थांबली. त्या साऱ्या काळात अफूचा भाव रोज विचारला गेला. ती माणसाच्या डोक्यात काय करते, हे फारसं कोणी विचारलं नाही.

घराघरांत तिचा वापर मात्र ठाऊक होता. माळव्या-राजस्थानच्या ठिकाण्यांत पाहुण्यापुढे कसुंबा, म्हणजे अफूचं पाणी, धरला जाई. मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी चाटवून कामावर निघत. पोर दिवसभर निपचित पडून राही. अफू झोपवते, दुखणं बधिर करते, श्वास मंद करते, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे अफू हा शांत करणारा, दाबून टाकणारा पदार्थ आहे. मग दाबून टाकणाऱ्या पदार्थामागे माणूस वेडापिसा होऊन का धावतो? हे कोडं सुटायला 1992 साल उजाडावं लागलं. त्यासाठी आपल्याच मातीतलं आणखी एक झाड कामी आलं, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे.

ते झाड सर्पगंधा. वैद्य आणि वैदू तिची मुळी वेड, निद्रानाश, सर्पदंश अशा अनेक गोष्टींवर देत आले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. जगाचे कान टवकारले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पीन वेगळं काढलं. औषध रक्तदाब उतरवत होतं, पण काही रुग्ण त्यावर खिन्न होत, हालचाल मंदावत असे. म्हणजे ते मेंदूतलं काहीतरी रिकामं करत होतं.

काय रिकामं करत होतं, हे स्वीडनमधल्या लुंड इथल्या आर्विड कार्लसन यांनी शोधलं. 1957 मध्ये त्यांनी सशांना रेसर्पीन दिलं. ससे कान पाडून, हलायचं विसरून बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं. काही मिनिटांत ससे कान उभारून इकडेतिकडे फिरू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामीन तयार होतं. तोवर डोपामीन हा दुसरं रसायन बनण्याच्या वाटेवरचा एक टप्पा, एवढीच त्याची किंमत होती. कार्लसन म्हणाले, नाही, हा स्वतःच मेंदूचा एक संदेशवाहक आहे. 1960 च्या लंडनच्या परिषदेत दिग्गजांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. चाळीस वर्षांनी, 2000 मध्ये, याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. सर्पगंधा नसती तर ते ससे निश्चल झाले नसते आणि डोपामीनची ओळख पटायला किती वर्षं लागली असती, कोण जाणे. योग असा की ज्या 1957 मध्ये हे ससे उठले, त्याच वर्षी वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

डोपामीन कुठे राहतं, हे पुढच्या काही वर्षांत दिसलंच, आणि तेही अक्षरशः डोळ्यांनी. स्वीडिश संशोधकांनी मेंदूचे पातळ काप फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत धरण्याची रीत काढली. सूक्ष्मदर्शकाखाली डोपामीन असलेल्या पेशी हिरव्या उजळायच्या. 1964 मध्ये आनिका डाल्स्ट्रॉम आणि शेल फुक्स यांनी त्या हिरव्या ठिपक्यांचा नकाशाच मांडला. मेंदूच्या मध्यभागी, खोल, व्हेंट्रल टेगमेंटल एरिया नावाचा एक लहानसा भाग आहे. संशोधक त्याला व्हीटीए म्हणतात. तिथून डोपामीनच्या पेशींचे धागे पुढे न्यूक्लियस अॅक्युम्बन्स या केंद्राकडे जातात. माणसाच्या मेंदूत आठ हजार कोटींहून अधिक चेतापेशी आहेत. त्यांत डोपामीनच्या पेशी फक्त काही लाख.

या मार्गाचं महत्त्व एका चुकीने आधीच उघड केलं होतं. 1953 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत तारा बसवत होते. एका उंदराची तार नेमक्या जागी न जाता भलतीकडे गेली. त्या उंदराला टेबलाच्या ज्या कोपऱ्यात विजेचा बारीक झटका मिळे, त्या कोपऱ्यात तो परत परत येऊ लागला. मग उंदरांना झटका स्वतःच घेता यावा म्हणून पिंजऱ्यात एक दांडी बसवली. उंदीर ती तासाला शेकडो वेळा दाबू लागले. 1954 मध्ये हा शोध छापून आला. मेंदूत ‘पुन्हा कर’ असं सांगणारे मार्ग आहेत, एवढं त्यातून सिद्ध झालं. त्या मार्गांत डोपामीनचा वाटा किती मोठा आहे, हे नंतर उमगलं.

आता अफूकडे वळू.

1970 च्या सुमारास व्हिएतनाममधले अमेरिकी सैनिक हेरॉईनच्या आहारी गेल्याची बातमी फुटली आणि अमेरिकी सरकारने संशोधनाला पैसा सोडला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॉलोमन स्नायडर यांच्या हाताखाली कँडेस पर्ट ही विद्यार्थिनी काम करत होती. पीएच.डी.ला येण्याआधी ती घोड्यावरून पडून जायबंदी झाली होती. इस्पितळात मॉर्फिनने आपली वेदना कशी विरघळली हे तिने अनुभवलं होतं. अफूच्या रेणूला बसायला मेंदूत खास जागा, म्हणजे रिसेप्टर, असला पाहिजे, असं अनेकांना वाटत होतं. दाखवता कोणालाच येत नव्हता. किरणोत्सारी खूण लावलेलं मॉर्फिनसारखं द्रव्य मेंदूच्या लगद्यात घालायचं, धुऊन काढायचं आणि काय चिकटून राहिलं ते मोजायचं, अशी रीत होती. महिने गेले, हाती काही लागेना. पर्टने पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार, हे काम सोडून दे असं तिला सांगण्यातही आलं होतं.

तिने सोडलं नाही. तिने रेणू बदलला. नॅलॉक्सोन हे अफूचं उतारा-औषध. जादा हेरॉईन घेऊन श्वास थांबत आलेल्या माणसाला टोचलं की तो काही मिनिटांत उठून बसतो, कारण ते अफूला तिच्या जागेवरून हुसकावतं आणि स्वतः तिथे बसतं. मग बसायची जागा शोधायला ते जास्त उपयोगी पडेल, असं तिने ठरवलं. नॅलॉक्सोनवर किरणोत्सारी खूण लावून आणवली. ऑक्टोबर 1972 मध्ये यंत्राने आकडे छापले आणि ते स्पष्ट होते. रिसेप्टर सापडला होता. 1973 च्या मार्चमध्ये ‘सायन्स’मध्ये लेख आला. त्याच वर्षी स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस आणि न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं. 1978 मध्ये लास्कर पुरस्कार स्नायडर यांना मिळाला, पर्टला वगळलं गेलं आणि तिने जाहीर निषेध केला. माझ्या मते तिचा निषेध रास्त होता. बंद पडू घातलेला प्रयोग जिने तडीला नेला, तिचं नाव त्या पुरस्कारावर हवं होतं.

पण शोधाने एक विचित्र प्रश्न उभा केला. माळव्यातल्या एका झाडाच्या चिकासाठी निसर्गाने उंदराच्या, माकडाच्या, माणसाच्या मेंदूत जागा का राखून ठेवावी? उत्तर एकच असू शकत होतं: मेंदू स्वतःच अफूसारखं काहीतरी बनवत असला पाहिजे. स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनमध्ये हान्स कॉस्टरलिट्झ त्याच्या मागावर होते. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून आलेले हे गृहस्थ सत्तरीला पोहोचले होते, विद्यापीठातून निवृत्त होऊन नव्याने प्रयोगशाळा थाटून बसले होते. त्यांचे तरुण सहकारी जॉन ह्यूज भल्या पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जात आणि कामगारांना व्हिस्की देऊन डुकरांचे मेंदू घेऊन येत. त्या मेंदूंतून 1975 मध्ये दोन चिमुकले रेणू निघाले, प्रत्येकी फक्त पाच अमिनो आम्लांचे. त्यांना नाव दिलं एन्केफॅलिन. म्हणजे पाहुणी अफूच होती, जागा मुळात घरच्यांची होती.

आता दोन्ही झाडांच्या गोष्टी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. एकीकडे डोपामीनचा मार्ग, दुसरीकडे अफूचे रिसेप्टर. 1983 मध्ये दिसलं की उंदराला मॉर्फिन दिलं की व्हीटीएतल्या डोपामीन पेशी जोरात धडधडू लागतात. 1988 मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, काल्यारी शहरात, गेतानो दी कियारा आणि आस्सुंता इम्पेरातो यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांच्या मेंदूत बारीक नळी बसवून द्रव तपासला. मॉर्फिन असो, मेथॅडोन असो, दारू, निकोटीन की कोकेन, माणसाला ज्यांचं व्यसन लागतं ती द्रव्यं दिल्यावर अॅक्युम्बन्समध्ये डोपामीन चढत होतं.

आणि इथेच जुनं कोडं अधिक टोकदार झालं. रिसेप्टरवर बसल्यावर अफू पेशीचं काय करते, हे अॅलन नॉर्थ आणि इतरांनी तोवर नीट मोजलं होतं. ती पेशीच्या पडद्यातली पोटॅशियमची दारं उघडते, पोटॅशियम बाहेर जातं, पेशीचा विद्युतभार खाली जातो आणि पेशी गप्प बसते. पाहावं तिथे अफू पेशींना गप्पच करत होती. मग डोपामीनच्या पेशी तेवढ्या का भडकाव्यात? गप्प करणारा पदार्थ आरडाओरड कशी घडवतो?

अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये स्टीव्हन जॉन्सन आणि अॅलन नॉर्थ यांनी उंदराच्या व्हीटीएचे पातळ काप जिवंत ठेवले आणि केसाहून बारीक काचनळी एकेका पेशीत घालून विजेची नोंद घ्यायला सुरुवात केली. तिथे दोन जातींच्या पेशी होत्या. पहिली डोपामीनची. तिच्यावर अफूसारखं द्रव्य सोडलं तर तिला थेट काहीच होत नव्हतं. दुसऱ्या जातीच्या पेशी आकाराने लहान, संख्येने कमी. त्या गाबा नावाचं रसायन सोडतात आणि ते डोपामीन पेशींना सतत आवरून धरतं. याच पेशी अफूने गपगार होत होत्या.

1992 मध्ये हे छापून आलं आणि कोडं सुटलं. अफू डोपामीनच्या पेशीला हात लावत नाही. तिच्या दारावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला ती गुंगी आणते. पहारेकरी झोपला की आतलं मोकाट सुटतं. शांत करणारी अफू शांतच करत होती, फक्त शांत करत होती ती आवरणाऱ्याला. मेंदूविज्ञानात याहून नेटका उलगडा मी वाचलेला नाही. पुढे व्हीटीएच्या मागच्या टोकाशीही असाच पहारा देणाऱ्या पेशींचा एक पुंजका सापडला आणि तोही अफूला बळी पडतो, असं कळलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन, असं सर्रास लिहिलं जातं. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी ते मोडीत काढलं. 1989 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांचं डोपामीन जवळपास संपवलं. साखरेचं पाणी तोंडात घातलं तर हे उंदीर पूर्वीइतकेच समाधानाने जीभ फिरवत होते. म्हणजे चव लागत होती, आवडत होती, पण अन्नाकडे जायची ओढच उरली नव्हती. डोपामीन हे हवंहवंसं वाटण्याचं रसायन आहे. आवडण्याचं काम मेंदूतले अफूसदृश रेणू करतात, आणि तेही अॅक्युम्बन्ससारख्या भागांतल्या चिमुकल्या कोपऱ्यांत. अफू या दोन्ही बाजूंना एकाच वेळी धरते, सुखही देते आणि ओढही लावते. सवय वाढली की सुख आटत जातं, ओढ मात्र तशीच राहते, उलट वाढते. ‘आता मजा येत नाही, पण घेतल्यावाचून राहवत नाही,’ असं व्यसनी माणूस सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

उलगडा तिथेच पुरा झाला असंही नाही. 2005 मध्ये सिअॅटलमधल्या संशोधकांनी डोपामीन बनवूच न शकणारे उंदीर घेतले. जिथे मॉर्फिन मिळालं ती जागा त्यांनाही आवडू लागली. म्हणजे अफूच्या मोहाची डोपामीनला वळसा घालणारी वाटही आहे. अफूच्या मोहाच्या इतर दुव्यांचा शोध आपल्या नागपुरातही घेतला गेला. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातल्या दादासाहेब कोकरे यांनी निशिकांत सुभेदार आणि इतर सहकाऱ्यांसह, ओल्ड्स-मिल्नर यांच्याच धर्तीवर दांडी दाबणारे उंदीर वापरले. मॉर्फिनच्या मोहात न्यूरोपेप्टाइड वाय या आणखी एका रेणूचा हात कसा आहे, हे त्यांनी 2013 मध्ये दाखवलं.

1992 ही तारीख मला सतत टोचते. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरला. हेरॉईनचं ते गावठी, भेसळीचं रूप. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या पाठबळावर ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तेव्हा जॉन्सन-नॉर्थ यांचा शोध सहा वर्षं दूर होता. अनिताताईंकडे मेंदूचा नकाशा नव्हता. व्यसनी मुलगा वाईट नसतो, आजारी असतो, हे त्यांनी माणसं पाहून ओळखलं होतं. प्रयोगशाळेने ते नंतर सिद्ध केलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला, त्यात आणखी एक गोष्ट दिसली. तिथे हेरॉईनच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुतेक जण घरी आल्यावर, परिसर बदलल्यावर, पुन्हा त्या फेऱ्यात अडकले नाहीत. मेंदू बिघडतो हे खरं, आणि भोवताल बदलला तर तो सावरू शकतो हेही खरं.

ज्या देशाच्या माळव्यात वैध अफू पिकते, त्याच देशात कर्करोगाचा रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत मरतो, हे मला सहन होत नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर इस्पितळांना मॉर्फिन ठेवायला चार-पाच परवाने लागू लागले, आणि डॉक्टरांनी व औषधदुकानदारांनी त्याचा नादच सोडला. 2014 मध्ये कायदा सुधारला. भीती मात्र गेली नाही. अमेरिकेने उलट टोक गाठलं. तिथे औषध कंपन्यांनी या गोळ्या साध्या दुखण्यांसाठीही वाटल्या आणि त्यात लाखो माणसं गेली. आपल्याला दोन्ही टोकं नकोत. डॉक्टरांच्या देखरेखीत, मोजून दिलेलं मॉर्फिन हे असाध्य वेदनेच्या रुग्णाचा हक्क आहे. शरीराला औषधाची सवय होणं आणि व्यसन जडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉक्टरांकडून समजून घ्या आणि रुग्णाला ‘सवय लागेल’ म्हणून तळमळत ठेवू नका.

आणि घरात कोणी गर्द, गोळ्या, खोकल्याचं औषध किंवा अफूच्या बोंडांचा डोडा यांच्या आहारी गेलं असेल, तर त्याला शपथा घालण्यात वेळ दवडू नका. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी 14446 या क्रमांकावर आहे आणि ती विनामूल्य आहे. इंदूरहून असो वा इतर कुठूनही, पहिला फोन घरच्यांनीच करा.